करारात कुत्र्याचं नाव लिहा: नाशिकमध्ये भाड्याचं घर शोधताना

नाशिकमधल्या एजंटचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "फॅमिली का बॅचलर?" आणि "व्हेज का नॉनव्हेज?" कुत्रा आहे का, हे तो आपणहून विचारत नाही, म्हणून बरेच लोक गप्प बसतात. घर बघून होतं, भाडं ठरतं, टोकन दिलं जातं आणि सामान हलवायच्या आठवड्यात "काका, आमच्याकडे एक कुत्रा पण आहे हं" असं हळूच सांगितलं जातं. घरमालकाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्यात त्याची काही चूक नाही. टोकन परत मिळवायची मारामार होते ती वेगळीच. त्यापेक्षा कुत्रा पहिल्याच फोनवर सांगावा आणि शेवटी भाडेकरारात नावानिशी लिहून घ्यावा. लपवलेला कुत्रा अकरा महिने लपत नाही. लिहिलेला कुत्रा मात्र कुणाला एका फोनवर घराबाहेर काढता येत नाही.

पहिल्या फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. कुटुंब आणि नोकरी आधी, कुत्रा त्यानंतर लगेच, आणि त्याच्याबद्दल जे सांगायचं ते एका दमात. म्हणजे असं: "नमस्कार काका, टू-बीएचकेबद्दल फोन केला. आम्ही नवरा-बायको आणि एक मुलगी. मी अंबडला कंपनीत आहे. आमच्यासोबत एक कुत्रा आहे, चार वर्षांचा, नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो, महापालिकेचा परवाना आहे. चालत असेल तर बघायला येतो." समोरून "नाही" आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. "पण तो काही करत नाही हो" हे वाक्य प्रत्येक घरमालकाने ऐकलेलं असतं आणि त्याने कुणाचंच मन बदलत नाही. "मिसेसना विचारून सांगतो" असं उत्तर आलं तर ते अर्धं हो समजा आणि त्याच मिनिटाला व्हॉट्सॲपवर कुत्र्याचा कागद पाठवा.

हा कागद आधीच तयार हवा. एकच पान. वर एक फोटो, तोही घरात शांत बसलेला. दात दिसणारा किंवा उड्या मारणारा नको. खाली नाव, जात (गावठी असेल तर अभिमानाने "गावठी" लिहा), वय, वजन, नसबंदी झाली की नाही, रेबीजची शेवटची लस कोणत्या तारखेची आणि पुढची कधी, परवान्याचा क्रमांक, नेहमीच्या पशुवैद्यांचं नाव-नंबर. आधीच्या घरमालकाने दोन ओळी लिहून दिल्या असतील तर त्या सोबत जोडा: कुत्रा अमुक काळ इथे होता, घराचं नुकसान झालं नाही, शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. मी तर म्हणेन की सगळ्या कागदांत ह्या दोन ओळींचं वजन सगळ्यात जास्त. एक घरमालक दुसऱ्या घरमालकाचंच ऐकतो.

परवाना अजून काढला नसेल तर घर शोधायच्या आधी काढा. महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याला परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. देवळाली कॅम्प वेगळा आहे. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार असल्यामुळे चौकशी बोर्डाच्या कार्यालयात करायची.

आता घरमालक नाही का म्हणतो ते बघू, कारण उत्तर त्यावर ठरतं. कुत्र्याचा मुळातच तिटकारा असलेले लोक थोडे. बाकीच्यांना तीन गोष्टींची भीती असते: घराला वास लागेल, शेजारी तक्रार करतील आणि गॅसवर चिकन शिजेल.

तिसरी भीती नाशिकमध्ये फार खरी आहे आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही. पंचवटी, जुनं नाशिक आणि कितीतरी कॉलन्यांमध्ये घरमालक शाकाहारी असतात, अनेकदा वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यात कुत्रा म्हणजे रोजचं उकडलेलं चिकन आणि कचऱ्यात हाडं. एजंटला "व्हेज" असं सांगून पुढे कुत्र्यासाठी मटणाचं सूप उकळणं म्हणजे भांडण विकत घेणं. स्वतःहून विचारा: "काकू, कुत्र्याच्या जेवणाचं तुम्हाला काय चालेल?" पिशवीतलं कोरडं खाद्य बहुतेकांना चालतं, कारण शिजवण्याचा वास येत नाही, पण त्यातही बहुधा कोंबडीचे घटक असतात, हे विचारल्यास खरं सांगा. पूर्ण शाकाहारी कोरडं खाद्यही बाजारात मिळतं. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी प्राणी नाही, त्याला पिष्टमय अन्न पचतं, त्यामुळे नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर तो राहू शकतो. आखणी मात्र पशुवैद्यांना विचारूनच करायची. दूध-पोळीवर भागवलं तर प्रथिनं कमी पडतात आणि बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दूध पचतही नाही. तुमच्या कुत्र्याला आजारपणामुळे मांसाहार लागणारच असेल तर ते घर सोडा. दुसरं मिळेल.

भाग निवडताना नोकरी कुठे आहे याचा विचार पहिला, कारण कुत्रा किती तास एकटा राहणार हे त्यावर ठरतं. मोठ्या कुत्र्याला सलग चार ते सहा तास ठीक, त्यापुढे अवघड. पिल्लाला तर वयाचे जितके महिने तितके तास, फार तर एखादा जास्त. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्याने आडगावला स्वस्त घर घेतलं तर जाण्यायेण्याचा वेळ कुत्र्याच्या वाट्यातून जातो. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको, अशोकनगर या बाजूला जेवणाच्या सुट्टीत घरी डोकावता येतं.

सिडकोतली घरं भाड्याला परवडतात आणि तिथे कुत्रे पाळणारेही खूप. पण घरांच्या भिंती सामाईक, गल्ल्या अरुंद आणि बहुतेक घरांवर पुढे मजले चढलेले. एका घरातलं भुंकणं चार घरांत ऐकू जातं. शांत स्वभावाच्या कुत्र्याला सिडको उत्तम, प्रत्येक सायकलवर धावून जाणाऱ्याला नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर या पट्ट्यात भाडं जास्त, पण कुत्र्याची सवय असलेली इमारत सापडण्याची शक्यताही जास्त. नाशिकरोडपासून देवळालीपर्यंत जुने बंगले आहेत, अंगण असलेले, शहाबादी किंवा कोट्याच्या फरशीचे. म्हाताऱ्या किंवा वजनदार कुत्र्यासाठी मला ही घरं सगळ्यात आवडतात. नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, कमरेच्या सांध्यांचं दुखणं वाढतं आणि मग वर्षभर रबरी मॅट टाकत बसावं लागतं.

म्हसरूळ, मखमलाबाद, गंगापूर गाव, गोवर्धन इकडची रो-हाऊसेस जाहिरातीत फार छान दिसतात: अंगण, गेट, मोकळी हवा. ती घ्याच, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. पहिली म्हणजे बिबट्या. शहराच्या कडेचे मळे आणि दारणाकाठचा ऊसपट्टा हा त्याचा नेहमीचा वावर आहे, अधूनमधून तो थेट वसाहतींतही येतो, आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. अशा ठिकाणी कुत्रा अंधार पडल्यावर अंगणात किंवा पोर्चमध्ये बांधून ठेवायचा नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री तो घरात, दाराला कडी. चार फुटांचं कंपाउंड बिबट्याला काहीच नाही. दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. घरमालक "कुत्रा चालेल, पण बाहेर ठेवा" म्हणत असेल आणि घर मळ्याला लागून असेल, तर तो होकार आपल्या उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट द्राक्षांची. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, त्यामुळे "दोन मणी खाल्ले तर काय होतंय" असं म्हणायला जागा नाही. बागेला लागून घर असेल तर जानेवारी ते एप्रिल या काढणीच्या दिवसांत बांधावर पडलेले घड कुत्र्याच्या तोंडाशीच असतात. शिवाय फवारणी. बागेकडची बाजू जाळीने बंद करता येते का, हे घर बघतानाच विचारा. द्राक्षं खाल्ल्याचं कळलं तर उलटी व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

नदीकाठच्या तळमजल्याबद्दल थोडक्यात: गोदावरी आणि नासर्डी दोन्ही पावसाळ्यात काठावरच्या वस्तीत शिरतात. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ते बघा, शेजाऱ्यांना विचारा आणि लेप्टोची लस वेळेवर द्या.

शोधायचं कुठे? संकेतस्थळांवर "पाळीव प्राणी चालतील" असा रकाना असतो, पण बरेच मालक तो भरतच नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून राहिलं तर चांगली घरं निसटतात. पशुवैद्यांचा दवाखाना आणि प्राण्यांच्या खाद्याचं दुकान इथे सांगून ठेवा. कुत्रा असलेलं कुटुंब घर सोडतं तेव्हा तिथे आधी कळतं, आणि त्या घराचा मालक कुत्र्याला सरावलेला असतो. हव्या त्या कॉलनीत संध्याकाळी चक्कर मारा. कुत्रा फिरवणारा प्रत्येक माणूस आपल्या इमारतीचा हवामान अंदाज दोन मिनिटांत सांगतो. इस्त्रीवाले आणि वॉचमन यांना रिकामे फ्लॅट एजंटच्याही आधी माहीत असतात. एजंटमार्फत गेलात तर कमिशन बहुधा एका महिन्याचं भाडं. ते देण्याआधी त्याने मालकाला कुत्र्याबद्दल खरंच सांगितलंय का, हे मालकाशी स्वतः बोलून पक्कं करा. "मी बघतो हो दादा" म्हणजे सांगितलेलं नसतं.

वेळेचंही गणित आहे. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, मालकाला दहा गिऱ्हाइकं असतात आणि तो सोपं गिऱ्हाईक निवडतो. पितृपक्षात घर बदलायला लोक तयार नसतात, रिकामं घर तसंच पडून राहतं. तुम्हाला तिथीचं बंधन नसेल तर त्या पंधरवड्यात बोलणी करा. भाडं कमी झालं नाही तरी कुत्रा बहुधा मान्य होतो. पंचवटीत आणि तपोवनाच्या बाजूला शोधणाऱ्यांनी २०२७ चा सिंहस्थ ध्यानात घ्यावा. पर्वणीच्या महिन्यांत घर रिकामं करून मागणार का, हे आधीच विचारून करारात लिहून घ्यावं, कारण कुत्र्यासकट ऐन गर्दीत दुसरं घर शोधणं फार जड जाईल.

घर बघायला पहिल्या वेळी कुत्रा नेऊ नका. दुसऱ्यांदा, मालकाने हो म्हटल्यावर, लांब फिरवून दमवून न्या. आणि त्या गल्लीत एकदा पहाटे सहाला, एकदा रात्री अकराला जाऊन या, एकटे. भटके कुत्रे किती आहेत, कुठे बसतात, त्यांना कोण खायला घालतं ते बघा. गेटसमोरच त्यांची बैठक असेल तर तुमच्या कुत्र्याला दिवसातून तीनदा त्यातून जावं लागणार. त्यांची नसबंदी झालेली असली (कानाचा कोपरा कापलेला असतो) तर साधारण स्थिर टोळी असते आणि ती दोन-तीन आठवड्यांत नव्या कुत्र्याला ओळखू लागते. पिल्लांसकट मादी असेल तर मात्र काही महिने रोज झुंज.

इमारतीत लिफ्ट आहे का आणि वीज गेल्यावर ती चालते का, हे चौथ्या मजल्यावर पस्तीस किलोच्या लॅब्रेडॉरसोबत राहणाऱ्याने विचारलंच पाहिजे. गच्चीखालचा फ्लॅट एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. जाड केसांच्या कुत्र्याला एसीशिवाय तिथे ठेवू नये. बाल्कनीच्या गजांतलं अंतर मोजा. चार इंचांपेक्षा जास्त असेल तर लहान कुत्रा किंवा पिल्लू त्यातून निसटतं. भोकं न पाडता जाळी लावायची असेल तर वेल्डमेश आणि प्लॅस्टिकचे केबल टाय पुरतात.

मालक हो म्हणतो आणि सोसायटी नाही म्हणते, हा प्रसंग येतोच. इथे आधी एक गोष्ट तपासा: नाशिकमधल्या बऱ्याच इमारती सहकारी गृहनिर्माण सोसायट्या नाहीत, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची अपार्टमेंट्स आहेत. बोलताना सगळे "सोसायटी"च म्हणतात, पण नियम वेगळे आणि तक्रारीची जागाही वेगळी. सहकारी सोसायटी असेल तर तिचा वरिष्ठ म्हणजे सहकारी संस्थांचा उपनिबंधक. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त) आणि त्यासोबतच्या उपविधींमध्ये काय लिहिलंय ते मालकाकडून मागून वाचा.

दोन्हीकडे उपयोगी पडणारा कागद म्हणजे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना. त्यांनुसार रहिवाशांच्या संघटनेला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्र्याचा आकार किंवा जात हे कारण चालत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे मागता येत नाहीत. सहकारी सोसायटीत भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरतं मर्यादित आहे. "कुत्र्याचा मेंटेनन्स" असा वेगळा रकाना त्यात बसत नाही. मात्र घरमालकाने स्वतःच्या घरात कुत्रा नको म्हणणं ही वेगळी गोष्ट, तो त्याचा अधिकार आहे. त्याचा होकार असेल तरच सोसायटीशी बोलण्यात अर्थ.

हल्ली दोन गोष्टींची गल्लत करून आक्षेप घेतले जातात. ऑगस्ट २०२५ मधले सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल होते, पाळीव कुत्र्यांबद्दल नाही. आणि रॉटवायलर, पिटबुल वगैरे तेवीस जातींवर बंदी घालायला सांगणारं केंद्राचं मार्च २०२४ चं पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. अशा जातीचा कुत्रा असेल तर हे माहीत असावं, पण चेअरमनसमोर त्याचा निकाल वाचून दाखवण्यापेक्षा कुत्र्याला मुसकं घालायची सवय लावून ती दाखवणं जास्त कामाचं आहे.

कायद्याचा कागद खिशात ठेवा, हातात घेऊन जाऊ नका. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला तंटा परवडत नाही. राहायला येण्याआधी चेअरमन किंवा सेक्रेटरींना घरी जाऊन भेटा आणि चार शब्द द्या: पार्किंग, जिना, लिफ्टमध्ये कुत्रा कायम पट्ट्यावर, लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर आपण पुढच्या फेरीला जाऊ, शी उचलण्याची पिशवी कायम खिशात, पार्किंगमध्ये कुत्र्याला शू करू देणार नाही. आणि हे शब्द पाळा. एका मोटारसायकलच्या चाकावर कुत्र्याने पाय वर केला की सगळी कमाई जाते. पट्ट्याचं कारण नुसतं शेजारधर्माचं नाही: आपल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका होऊ दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट बाजूने, कुणी कुत्र्याला मारलं, विष घातलं तर कलम ३२५ आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. एवढं करूनही लेखी बंदी आली तर ठरावाची प्रत लेखी मागा. बरेचदा ठराव झालेलाच नसतो आणि विषय तिथेच संपतो.

करार. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागतं हा समज चुकीचा. लिव्ह अँड लायसन्सचा (अशा अकरा महिन्यांच्या कराराचं कागदावरचं नाव) मुद्रांक शुल्काचा दर ०.२५ टक्के आहे: पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या बिनव्याजी डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के, या बेरजेवर. चौदा हजार भाडं, बेचाळीस हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर भाडं १,५४,०००, त्यात डिपॉझिटचे ३,८५०. शुल्क चारशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटची घरी येऊन अंगठे घेण्याची फी. एवढ्या पैशांत कुत्रा कायदेशीर कागदावर येतो, मग हात आखडता कशाला घ्यायचा?

ऑनलाइन करारात छापील अटींच्या शेवटी जादा अटी घालता येतात. एजंट कंटाळा करतो, "त्याची गरज नाही" म्हणतो. गरज आहे. मजकूर असा काही असावा (लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे तुम्ही):

"लायसन्सीसोबत 'मोती' नावाचा, तपकिरी रंगाचा, अंदाजे चार वर्षांचा, नसबंदी व रेबीज लसीकरण झालेला एक पाळीव कुत्रा सदर मिळकतीत राहील, यास लायसन्सरची संमती आहे. कुत्र्यामुळे दरवाजे, जाळ्या, फरशी किंवा फर्निचरचे नुकसान झाल्यास लायसन्सी ते स्वखर्चाने दुरुस्त करून देईल. केवळ कुत्रा पाळल्याच्या कारणावरून मुदतीपूर्वी करार संपुष्टात आणता येणार नाही."

शेवटचं वाक्य मालक मान्य करेलच असं नाही. निदान त्या जागी "लेखी तक्रार दिल्यानंतर सुधारणेसाठी तीस दिवसांची मुदत" एवढं तरी घ्या. आणि करारात आधीच "पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत" अशी ठरावीक ओळ आहे का, ते डोळ्यात तेल घालून बघा. जुन्या नमुन्यातून ती तशीच येते आणि दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात.

डिपॉझिट नाशिकमध्ये साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असतं. कुत्र्यासाठी पाच-दहा हजार जादा द्यायची तयारी स्वतःहून दाखवली तर बोलणी सोपी होतात. ते डिपॉझिटमध्येच, परत मिळणारं, करारात आकड्यासह. दर महिन्याचं भाडं वाढवून देऊ नका, ते परत येत नाही आणि पुढच्या करारात तेच मूळ भाडं ठरतं.

किल्ली मिळाल्या दिवशी, सामान आत यायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक दाराचा खालचा दोन फुटांचा भाग, चौकटी, डासांच्या जाळ्या, स्कर्टिंगचे कोपरे, बाल्कनीची फरशी. सगळे त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर. जुने ओरखडे तुमच्या कुत्र्याच्या नावावर जाऊ नयेत यासाठी एवढं पुरतं. मग मुख्य दार आणि बाथरूमच्या दारांना खाली दोन फुटांपर्यंत पातळ ॲक्रिलिक शीट दुहेरी टेपने चिकटवा. कुत्रा दार खरवडतो ते याच उंचीवर, आणि लॅमिनेट एकदा निघालं की अख्खं दार बदलावं लागतं. टेप काढताना केस वाळवायच्या ड्रायरने गरम केला की रंग न उडता निघतो.

वासाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण डिपॉझिट कापलं जातं ते यासाठीच. कुत्र्याची शू फरशीवरून पुसली तरी टाइल्सच्या सांध्यांत आणि स्कर्टिंगच्या फटीत उतरते. तिथे वाळलेला अंश साध्या पाण्याने किंवा फिनाइलने पूर्ण निघत नाही; पावसाळ्यात हवा दमट झाली की पुन्हा वास मारतो. म्हणून "उन्हाळ्यात काही नव्हतं, जुलैत अचानक वास यायला लागला" असं होतं. उपाय असा: आधी जुन्या वर्तमानपत्राने दाबून शोषून घ्या, घासू नका. मग साधं पाणी, मग एन्झाइम असलेला क्लीनर सांध्यांत भरेल इतका ओता आणि बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ तसाच राहू द्या. लगेच पुसला तर त्याचा काही उपयोग नाही, एन्झाइमला काम करायला ओल आणि वेळ लागतो. त्याआधी फिनाइल मारलेलं असेल तर ते धुऊन काढा. अमोनियाचे क्लीनर टाळा, त्यांचा वास कुत्र्याला शूसारखाच लागतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. ब्लीच ताज्या शूवर ओतू नका, विषारी वायू होतो. संडासाचं ॲसिड तर बिलकूल नाही. संगमरवर आणि कोट्याची फरशी त्याने कायमची खराब होते, आणि तो खर्च कुत्र्यापेक्षा मोठा असतो.

भुंकण्याची तक्रार बहुतेक वेळा तुम्ही घरी नसतानाची असते, म्हणून तुम्हाला ती खोटी वाटते. पहिल्या आठवड्यात फोन रेकॉर्डिंगवर ठेवून अर्धा तास बाहेर जा. एकटेपणाने अस्वस्थ होणारा कुत्रा बहुधा याच पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतो. रेकॉर्डिंगमध्ये दारापाशी ओरडणं, नखांचा आवाज येत असेल तर दोन मिनिटांपासून सुरुवात करून वेळ वाढवत न्या. खिडकीतून रस्ता बघून भुंकत असेल तर काचेच्या खालच्या भागाला दुधी फिल्म लावा आणि सोफा खिडकीपासून हलवा. नाशिकमधली खास अडचण म्हणजे सकाळची घंटागाडी. तिचं गाणं ऐकून कितीतरी कुत्रे आकाशाकडे तोंड करून हेल काढतात आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा उठतात. तेच गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरात आधी अगदी बारीक आवाजात लावा, वाजत असेपर्यंत खाऊ द्या, थांबलं की खाऊ बंद. रोज आवाज थोडा वाढवा. दोन-तीन आठवड्यांत घंटागाडी आली की कुत्रा तुमच्या हाताकडे बघू लागतो.

नव्या घरातले पहिले पंधरा दिवस कुत्रा हरवण्याचे असतात. दार उघडं राहिलं की तो जुन्या घराच्या दिशेने निघतो, आणि द्वारका किंवा मुंबई नाक्यासारखा गजबजलेला चौक ओलांडणं त्याला जमत नाही. सामान उतरवताना त्याला एका खोलीत बंद ठेवा किंवा त्या दिवसापुरता ओळखीच्यांकडे सोडा. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता बदला, आणि परवान्यावरचा पत्ताही नव्या कराराची प्रत दाखवून बदलून घ्या.